स्टोनरोडचा पहिला दिवस

गाडी दरीत कोसळली तेव्हा माझं पहिलं वाक्य अजून अर्ध्यावरच होतं.

"थोड्याच अंतरावर डावीकडे एक वळण येत आहे, तरी चालकानं..." मी म्हणत होते, आणि तिकडं टीव्हीच्या पडद्यावर आमची गाडी चाकं वर करून एका झाडाला टेकली होती.

इंद्रजितनं स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "ताई, काय बोलालीस तू? गारगोटीची एस्टी लागली काय फलाटाला?"

"मग कसं सांगू? वळण आहे तर वळण आहे म्हणायला नको?"

"तुझं वाक्य संपेपर्यंत मी दरीत जाऊन चहा पिऊन आलो."

"मला नाही जमायचं हे. तुझ्या मंडळातल्या कुणाला तरी घे शेजारी."

"ते सगळे बोंबलतात. वळण आलं की 'आरं आरं आरं' एवढंच. तू बोंबलत नाहीस. चल, परत."

मी तेव्हा कोल्हापूरच्या एस्टी स्टँडवर गाड्यांची घोषणा करायचे. दिवसभर काचेच्या खोलीत बसून फलाट क्रमांक सांगायचे. संप झाला, पूर आला, खाली दोन गटांत हाणामारी झाली, तरी माझा आवाज कधी वरखाली झाला नाही. साहेबांना त्याचं कौतुक होतं. घरात मात्र त्या आवाजाची नुसती टिंगल व्हायची आणि टिंगल करणाऱ्यांत इंद्रजित सगळ्यांच्या पुढं असायचा. माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा, आणि माझी नक्कल करण्यात लहानपणापासून पटाईत.

आता त्याला तोच आवाज हवा होता. कारण त्याला दिसत नव्हतं. खिडकी कुठल्या बाजूला आहे, दिवा लागलाय की नाही, एवढं कळायचं. बाकी सगळं गेलं होतं. आणि पुढच्या महिन्यात 'स्टोनरोड'चा तिसरा भाग येणार होता. पहिल्याच दिवशी, सगळ्या मंडळासमोर, आपण त्यातली एक शर्यत शेवटपर्यंत चालवायची, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

'स्टोनरोड' हा गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम. डोंगरातले कच्चेपक्के रस्ते, एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, आणि एका वेळी एकच गाडी. कोण किती वेळात शेवटाला पोचतो त्यावर नंबर. दुसरा भाग आला तेव्हा इंद्रजित शाळेत होता. तिसरा भाग येणार अशी बातमी आली तेव्हा तो बारावीत होता, आणि त्यानंतर तो डिप्लोमा होऊन उद्यमनगरातल्या कारखान्यात नोकरीला लागला, तरी तिसऱ्या भागाचा पत्ता नव्हता. कंपनी दरवर्षी तारीख द्यायची आणि दरवर्षी पुढं ढकलायची.

दुसऱ्या गावातली पोरं अशा वेळी नुसती मोबाईलवर हळहळतात. आमच्या पोरांनी तरुण मंडळ काढलं. 'थर्ड गिअर तरुण मंडळ'. अध्यक्ष बबलू पोवार, ज्याचं सायकलच्या दुकानावर माडीला गेम खेळायचं सेंटर होतं. मंडळाचे टी-शर्ट झाले. दसऱ्याला लोक हत्यारांची पूजा करतात, गाड्यांना हार घालतात. ही पोरं गेमच्या स्टिअरिंगला झेंडूचा हार घालून हळदकुंकू वाहायची. आणि पहिली तारीख जाहीर झाल्याबरोबर बबलूनं चौकात फ्लेक्स लावला. 'स्टोनरोड थ्रीचे करवीरनगरीत सहर्ष स्वागत', खाली तारीख, आणि त्याखाली काळे गॉगल घातलेले अकरा चेहरे. कंपनीनं तारीख पुढं ढकलली. फ्लेक्स उतरवायचा म्हणजे नामुष्की, म्हणून बबलूनं जुन्या तारखेवर नव्या तारखेची पट्टी चिकटवली. मग त्या पट्टीवर आणखी एक. असं होता होता तो फ्लेक्स तारखेपाशी चांगला जाड झाला होता. गॉगलवाल्या चेहऱ्यांपैकी दोघांची लग्नं होऊन त्यांना मुलंही झाली.

इंद्रजित त्या मंडळाचा जीव होता. नव्या भागाची दोन मिनिटांची झलक आली तर तो ती थांबवून थांबवून संध्याकाळभर बघायचा आणि आम्हाला जेवताना सांगायचा. यंदा पाऊस पडला की चिखल खरा होणार. यंदा उन्हं झाडांतून येणार आणि काचेवर पडणार. आई म्हणायची, "आपल्या दारात काय कमी चिखल आहे?" तो तिलाही समजावून सांगायचा. मला त्यातलं काही कळत नसे, पण बोलताना त्याचा चेहरा बघायला मला आवडायचं, हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

डोळ्यांचं कळलं ते त्याच सुमारास. आधी तिन्हीसांजेला ठेचकाळायला लागला. मग मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा पडदा आतून सुकत चाललाय, बाजूनं सुरुवात होईल, मग मधलंही जाईल. औषध नाही. आई रडायला लागली. इंद्रजितनं विचारलं, "डॉक्टर, अजून दोन वर्षं तरी मिळतील काय?"

डॉक्टरांना वाटलं पोरगा नोकरीचा विचार करतोय. मला ठाऊक होतं तो कशाचा विचार करतोय. कंपनीनं नुकतीच दोन वर्षांनंतरची तारीख दिली होती. मला इतका राग आला की तिथंच त्याच्या पाठीत धपाटा घालावा.

दोन वर्षं डोळ्यांनी दिली. कंपनीनं शब्द पाळला नाही. तारीख आणखी पुढं गेली, आणि मधल्या काळात इंद्रजितनं एक दिवस मोटारसायकलची किल्ली स्वतःच आणून आईच्या हातात दिली. एका भाजीच्या गाडीला घासून आला होता. "कोथिंबिरीवर निभावलं," म्हणाला. त्यानंतर त्यानं नोकरीत मशीनवरून फोनवरचं काम मागून घेतलं, घडीची काठी घेऊन चालायला शिकला, सगळं गुमान केलं. रडला असेल तर आमच्यासमोर नाही.

मग अखेर तारीख आली, आणि या वेळी ती खरी होती. मंडळातल्या पोरांना सुतकच पडलं. इतकी वर्षं वाट बघितलेली गोष्ट आली, आणि तिचा आनंद कसा करायचा ते कुणाला कळेना. शेवटी बबलू घरी आला. आईनं दिलेला चहा हातात धरून म्हणाला, "इंद्या, उद्घाटनाचा नारळ तू फोडायचास. सगळ्यांनी ठरवलंय."

"नारळ कोणपण फोडंल," इंद्रजित म्हणाला. "मी गाडी चालवणार."

बबलूनं माझ्याकडं बघितलं. मी आईकडं. आई म्हणाली, "आरं, पोरं हसतील."

"हसू देत. तुझं जुनं स्टिअरिंग आणि दुसरा भाग महिनाभर घरी दे, बबलूदा. आणि ताई, तू सुट्टी झाली की सरळ घरी यायचं."

असं ते ठरलं. मला कुणी विचारलं नाही.

पहिले आठ दिवस आम्ही फक्त दऱ्या भरल्या. स्टिअरिंग रस्त्याप्रमाणं थरथरायचं, खडी लागली की वेगळं, माती लागली की वेगळं, त्यामुळं पायाखाली काय आहे ते त्याला हाताला कळायचं. इंजिनच्या आवाजावरून वेग कळायचा. पण वळण किती हे कळत नव्हतं, आणि ते सांगायला माझ्याकडं शब्द नव्हता. "थोडं डावीकडं" म्हटलं तर थोडं म्हणजे किती? "जास्त" म्हटलं तर तो कड्यावर. "अजून जास्त" म्हणेपर्यंत दरीत.

एक दिवस वैतागून मी म्हणाले, "अरे, मावशीच्या गल्लीत वळतोस तसं वळ की!"

गाडी वळली. अगदी घासून, पण पुरी वळली आणि रस्त्यावर राहिली.

 मग इंद्रजित हळूच म्हणाला, "ताई, हे आधी का नाही बोललीस?"

मावशीच्या गल्लीचं तोंड असं आहे की मुख्य रस्त्यावरून आलेली गाडी पार उलटी फिरवावी लागते. ते वळण तो वयात आल्यापासून मोटारसायकलवर घेत होता. डोळे गेले तरी ते वळण त्याच्या मनगटातून गेलेलं नव्हतं. मग काय, त्या दुपारी आम्ही घराभोवतीचा सगळा भाग कामाला लावला. काटकोनात वळायचं म्हणजे 'गिरणी', कारण पिठाच्या गिरणीपाशी रस्ता तसाच मोडतो. लांबलचक गोल वळण म्हणजे 'टाकी', पाण्याच्या टाकीला वळसा घालतो तसं. पार उलटं फिरायचं ती 'मावशी'. आणि नुसता कल घ्यायचा, वेग कमी करायची गरज नाही, ती 'तालीम'. आधी बाजू सांगायची, मग नाव. गाडी कड्याकडं जायला लागली की 'डोंगर' म्हणायचं, बाहेर जायला लागली की 'दरी'. बाकी एक शब्द बोलायचा नाही.

"उजवी गिरणी! डावी टाकी! दरी, दरी! डावी मावशी!"

आई स्वयंपाकघरातून ऐकायची. एकदा बाहेर येऊन म्हणाली, "शेजाऱ्यांना वाटंल मावशीशी भांडणं काढलीत."

सगळं जुळून येत होतं, फक्त एका जागी घोडं अडायचं. 'तालीम' म्हटलं की इंद्रजित कचकन ब्रेक मारायचा. नुसता कल, मोकळा रस्ता, आणि हा ब्रेक मारून गाडी गरकन फिरवायचा. मी सांगून थकले, तो ऐकूनही थकला, तरी पाय आपोआप जायचाच. दोन दिवसांनी त्यालाच उलगडा झाला आणि तो खुर्चीतून पडेपर्यंत हसला. तालमीच्या पैलवानांनी दारात स्वतःच्या हातानं एक स्पीडब्रेकर घातला होता, म्हशीच्या पाठीएवढा उंच. तिथं ब्रेक न मारता गेलेला माणूस सरळ आखाड्यातच जाऊन पडायचा.

"पाय विसरत नाही गं," तो म्हणाला. आम्ही तालीम काढली आणि तिच्या जागी 'डेअरी' घातली. दूध डेअरीपाशी रस्ता चांगला होता.

महिना संपेतोवर आम्ही दुसऱ्या भागातले तीन रस्ते न पडता पार केले. माझा घसा बसला होता, पण स्टँडवर सांगायची सोय नव्हती.

तिसरा भाग आला त्या पहिल्या दिवशी सकाळी बबलूच्या माडीवर जत्रा भरली होती. फ्लेक्स धुऊनपुसून जिन्याच्या तोंडाशी लावला होता. स्टिअरिंगला हार, उदबत्ती, पेढे. नारळ बबलूनंच फोडला. मोठ्या टीव्हीवर 'स्टोनरोड'च्या तिसऱ्या भागाचं चित्र आलं आणि सगळी माडी ओरडली. मीही ओरडले, आणि माझं मलाच आश्चर्य वाटलं. इंद्रजित माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. 

चिठ्ठ्या टाकून नंबर ठरले. डोंगराचा एकच रस्ता, प्रत्येकाला एकच फेरी. इंद्रजितचा नंबर शेवटून दुसरा आला. तेव्हा शार्दूल माने पुढं झाला. शार्दूल मंडळातला सगळ्यात चलाख गडी, आणि पहिला नंबर त्याचाच येणार हे सगळे धरून चालले होते.

"बबलूदा, एक बोलू? राग मानू नका कुणी. शर्यतीत शेजारी बसून सांगणारा चालतो काय?"

"खऱ्या गाड्यांच्या रॅलीत असतोच की बसलेला," इंद्रजित म्हणाला. "तो सांगतो, चालवणारा चालवतो. तुलापण पाहिजे तर घे एखादा."

शार्दूलनं आजूबाजूला बघितलं. मंडळातल्या एकाही पोराच्या तोंडून 'आरं आरं आरं'च्या पलीकडं काही निघेल असं त्याला वाटलं नसावं.

"ते सोड," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "तुझ्या भल्याचंच सांगतो, इंद्या. रस्ता नवा आहे. ताईंनीपण बघितलेला नाही. त्या काय सांगणार? महिनाभर थांब. ताईंना रस्ता पाठ होऊ दे, मग आपण सगळे जमू, तुझी फेरी लावू. आज कशाला?"

मला ते पटलं. खरं सांगायचं तर सकाळपासून मलाही तीच भीती होती. घरचे रस्ते मला पाठ होते. वळण दिसायच्या आधीच मी नाव घ्यायचे. इथं मला काहीच ठाऊक नव्हतं. मी इंद्रजितच्या कानाशी लागले, "त्याचं बरोबर आहे रे. थांबू या."

"नाही," इंद्रजित म्हणाला.

"पण का? आठ वर्षं थांबलास, महिनाभर नाही थांबता येत?"

 हातातली काठी त्यानं घडी करून खिशात घातली.

"महिनाभरानं तुम्हाला सगळ्यांना हा रस्ता तोंडपाठ झालेला असंल," तो म्हणाला. "कुठं खड्डा, कुठं झाड, सगळं. मग माझी फेरी लावाल, टाळ्या वाजवाल, बिचाऱ्यानं बघा कसं केलं म्हणाल. आज कुणालाच काही माहीत नाही. शार्दूललापण पुढचं वळण माहीत नाही आणि मलापण नाही. असा दिवस एकच आहे, शार्दूल. आजचा. उद्यापासून मी परत आंधळा."

 मला तो महिना समोर दिसला: दुपारभर दरीत पडणारी गाडी, आणि प्रत्येक वेळी त्याचं 'चल, परत'. मी समजत होते तो खेळासाठी वेडा झालाय. त्याला हा एक दिवस हवा होता, आणि त्यासाठी तो महिनाभर माझी बोलणी खात होता. माझी भीती पळाली.

शार्दूल बाजूला झाला. "ताई," तो मला म्हणाला, "मोठ्यानं सांगा. आम्ही कुणी आवाज करत नाही."

आधीच्यांची हालत बघण्यासारखी होती. निम्मे तर शेवटाला पोचलेच नाहीत. पहिला पोरगा तिसऱ्याच वळणावर कड्याला धडकला. बबलू, इतक्या वर्षांचा अध्यक्ष, लाकडी पुलावरून थेट नदीत गेला. जो तो आपला नंबर झाला की डोक्याला हात लावून बसत होता. शार्दूलनं मात्र सुरेख चालवली आणि फक्त एकदा घासला.

मग आम्ही बसलो. इंद्रजितनं स्टिअरिंगवरून हात फिरवला, पाय पेडलवर ठेवले. पडद्यावर दिवे लागले आणि विझले.

"सरळ," मी म्हणाले. "सरळ. डावी डेअरी."

गाडी सुटली. माझा आवाज स्टँडवरच्यासारखा निघत होता, फक्त भरभर. उजवी गिरणी, सरळ, डावी डेअरी, उजवी डेअरी, दरी. इंद्रजित तोंड किंचित वर करून, जिवाचा कान करून बसला होता. पहिल्या चढावर आम्ही सुखरूप होतो. मग पूल आला, आणि पुलाला आमच्याकडं नावच नव्हतं.

"पूल!" मी म्हणाले. "अरुंद! सरळ धर, सरळ धर!"

त्यानं चाक घट्ट धरलं. लाकडाचा खडखडाट झाला आणि संपला. मागं बबलूनं मोठा उसासा सोडल्याचं मला ऐकू आलं.

पुलापलीकडं एक लांब गोल वळण दिसलं. "उजवी टाकी," मी म्हणाले. पण ती टाकी संपेचना. वळण आवळत चाललं, आणखी आवळत चाललं, आणि पुढं रस्ता पार उलटा फिरलेला मला दिसला. असं वळण आमच्या भागात कुठंच नाही. माझ्या तोंडून निघालं, "टाकीची मावशी व्हायला लागली!"

माडीवर हशा फुटला, पण इंद्रजितला बरोबर कळलं. त्यानं ब्रेक दाबला, चाक आणखी फिरवलं, आणखी, आणि गाडीचं मागचं अंग कड्यावर दणकन आपटलं. एक दिवा फुटला. बॉनेट वाकडं झालं. स्टिअरिंग त्याच्या हातात गदगदा हलायला लागलं.

"चालू आहे काय?" त्यानं विचारलं.

"चालू आहे. डावीकडं ओढतेय. सोडू नकोस. डोंगर, डोंगर. आता सरळ. सरळ. डावी गिरणी!"

उतार लागला. वाकडी झालेली गाडी सारखी डावीकडं जायची आणि मी सारखी 'डोंगर' म्हणायची. माझा बसलेला घसा आता अगदीच गेला होता, नुसती हवा येत होती. इंद्रजित हवा ऐकून चालवत होता. पोरांनी दिलेला शब्द पाळला, कुणी श्वासही मोठ्यानं घेतला नाही. शेवटची 'डेअरी', मग सरळ रस्ता, मग दोन्ही बाजूंना झेंडे.

"झेंडे," मी म्हणाले. "इंद्या, झेंडे. आलं. संपलं. थांब."

नंतर काय झालं ते मला नीट आठवत नाही. कुणीतरी माझ्या तोंडात पेढा कोंबला. जे शेवटाला पोचले त्यांच्यात आम्ही शेवटून दुसरे होतो. शार्दूल आमच्याहून कितीतरी पुढं होता आणि बबलू नदीत होता. पोरं इंद्रजितला खुर्चीसकट उचलायला बघत होती. तो हसत होता, हात हातात घेत होता, पण उठत नव्हता. गलका जरा कमी झाला तेव्हा त्यानं माझ्या ओढणीचं टोक ओढलं.

"ताई," तो हळूच म्हणाला. "कसा होता गं?"

"काय?"

"रस्ता. कसा दिसत होता?"

मी तोंड उघडलं आणि मला काहीच सांगता येईना. मी वळणं बघितली होती. कडा बघितला होता, दरी बघितली होती. झाडं कसली होती, आभाळाचा रंग काय होता, उन्हं काचेवर पडत होती की नाही, मला यातलं काहीच दिसलं नव्हतं. आठ वर्षं जे बघायची तो वाट बघत होता त्याच्यासमोरून मी गेले होते आणि काही न बघता आले होते. मला रडू आलं. आवाज नव्हताच, नुसते डोळे वाहत होते.

शार्दूल शेजारीच उभा होता. त्यानं ऐकलं असावं. एक स्टूल ओढून तो इंद्रजितच्या दुसऱ्या बाजूला बसला. "बबलूदा," तो म्हणाला, "परत लाव रे तोच रस्ता."

"आरं, पण शेवटचा नंबर..."

"माझा आहे," मागून एक पोरगा म्हणाला. "मी नंतर चालवतो. लाव."

पडद्यावर दिवे लागले आणि विझले, आणि इंद्रजितनं गाडी पहिल्या गिअरमध्ये सोडली. बैलगाडीच्या वेगानं. मी हलकेच 'सरळ' म्हणत होते, आणि बाकी सगळं पोरं सांगत होती. पोरं खुर्च्यांच्या मागं, पुढं, खाली फरशीवर दाटीवाटीनं बसली.

"डाव्या हाताला सगळी सुरूची झाडं आहेत, इंद्या. बुंध्यांना शेवाळ आलंय."

"सुरू कुठला, देवदार आहे तो."

"तू कधी बघितलास रं देवदार?"

"उन्हं आहेत काय?" इंद्रजितनं विचारलं.

"आहेत. फांद्यांतून येतात. काचेवर पट्टे पडालेत, हलतात गाडीबरोबर."

"आता पूल. खाली नदी हिरवी आहे."

"हिरवी नाही, निळी."

"मी आत पडून आलोय," बबलू म्हणाला. "हिरवी आहे."

वर कोपऱ्यात वेळेचे आकडे धावत होते. गेम दर थोड्या वेळानं लाल अक्षरांत बजावत होता की तुम्ही मागं पडत आहात. नंतर बबलूनं जगभरातल्या खेळणाऱ्यांची यादी उघडून दाखवली, तर त्या दिवशीची आमची ही दुसरी फेरी सगळ्यात शेवटी होती. पण ते नंतर. त्या वेळी कुणाचं तिकडं लक्षच नव्हतं. वळणावर आम्ही जिथं आपटलो तो कडा पोरांनी त्याला सांगितला, कपारीत उगवलेल्या पिवळ्या फुलांसकट. उतारावरून दिसणारं तळं सांगितलं. तळ्यावर एकाला होडी दिसली, एकाला नाही, त्यावरून भांडण झालं, आणि इंद्रजितनं गाडी थांबवून भांडण मिटेपर्यंत वाट बघितली.

शेवटच्या सरळ रस्त्यावर शर्यत बघायला आलेली माणसं चितारलेली होती. पहिल्या फेरीत ती मला दिसलीसुद्धा नव्हती.

"माणसं आहेत, इंद्या," शार्दूल म्हणाला. "दोन्ही बाजूंना. बायका आहेत, पोरं आहेत. एकाच्या खांद्यावर पोरगी आहे. आणि एक म्हातारा घडीच्या खुर्चीवर बसलाय, लाल टोपी घातलेला. हात करालाय."

"कुणाला?"

"आपल्याला. दुसरी गाडी आहे कुठं रस्त्यावर?"

इंद्रजितनं पाय पेडलवरून काढला. गाडी आपोआप हळू होत थांबली.

"कुठल्या बाजूला?" त्यानं विचारलं.

"उजव्या," मी म्हणाले.

त्यानं स्टिअरिंगवरचा उजवा हात उचलला, तोंड तिकडं वळवलं, आणि म्हाताऱ्याला हात केला.